नाव आधी, गाणे मागून

माणसाचे वय वाढते; पण जाहिरातीतले त्याचे वय वाढतेच असे नाही. दिवाळी जवळ आली की मुलुंड, घाटकोपर, पार्ले, बोरिवली या आपल्या उपनगरांत नाक्यानाक्यावर 'दिवाळी पहाट'चे फलक लागतात. अंगाला उटण्याचा वास आणि नव्या कपड्यांवर दुकानातली घडी तशीच असताना सकाळी सहाला नाट्यगृहाच्या खुर्चीत जाऊन बसायचे, भूपाळीपासून भैरवीपर्यंत सारे ऐकायचे आणि नऊच्या सुमारास चकली-चिवड्याकडे परतायचे, हा आपल्या मध्यमवर्गाचा नवा कुळाचार आता चांगलाच रुजला आहे. हे फलक वाचताना एक गंमत ध्यानात येते. तिशीला टेकलेल्या, दाढीमिशा राखलेल्या एखाद्या तरुणाचे छायाचित्र असते आणि त्याखाली छापलेले असते, 'लिटिल चॅम्प्स फेम'. हा 'फेम' शब्द मराठीत कोणत्या विभक्तीने चालवायचा ते मी अजून वर्गात सांगू शकलेलो नाही. पण त्याचा अर्थ मात्र प्रत्येक आजीला कळतो. आजी चष्मा सावरून म्हणते, "अगबाई, हा तो का? केवढा झाला!"

या 'केवढा झाला'विषयीच आज थोडे लिहायचे आहे.

वाचकांना ते दिवस आठवत असतील. २००८च्या पावसाळ्यात झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' सुरू झाले आणि २००९च्या फेब्रुवारीत त्याची महाअंतिम फेरी झाली. पल्लवी जोशी सूत्रे सांभाळीत होत्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते. आठ-दहा ते चौदा वर्षांची पाच मुले शेवटपर्यंत टिकली : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. विजेतेपद कार्तिकीला मिळाले, पण लोकांनी पाचांनाही एकाच माळेत ओवून 'पंचरत्ने' करून टाकले. आमच्याकडे त्या सुमारास रात्री नऊनंतर दूरध्वनी वाजला तर तो उचलायचा नाही असा अलिखित नियम होता. दुधाच्या हिशेबात आठ आणे चुकले तर दूधवाल्याला जिन्यात थांबवणारी घरे त्या मुलांना मते देण्यासाठी पदरचे पैसे घालून एसेमेस धाडीत होती. चिमुकल्या मुग्धेला 'लिटिल मॉनिटर' म्हणत आणि रोहितला 'रॉकस्टार'. ही नावे काही आईबापांनी ठेवलेली नव्हती. ती आपण ठेवली, कौतुकाने ठेवली आणि मग ती परत घ्यायला विसरलो.

जगाची रीत अशी की आधी गाणे, मग नाव. गवई पंधरा-वीस वर्षे गळा घासतो, कुठे मैफलीत कुणाच्या मागे तंबोरा धरतो, कधी रात्री अडीचला चार श्रोत्यांसमोर गायला बसतो, आणि मग हळूहळू त्याच्या नावाचा बोलबाला होतो. या मुलांच्या बाबतीत क्रम उलटला. नाव आधी घरात आले. गाणे मागून यायचे होते. आणि आधी आलेले नाव मोठे बलवान असते. ते मुलाबरोबर वाढत नाही. मूलच त्याच्या मापाचे राहावे असा हट्ट ते धरून बसते.

हे दूरदर्शनच्या पडद्यापासून सुरू झाले असे मात्र समजू नये. नारायण श्रीपाद राजहंस या दहाएक वर्षांच्या पोराचे गाणे पुण्यात लोकमान्यांनी ऐकले आणि त्यांच्या तोंडून 'बालगंधर्व' हा शब्द गेला. तो मुलगा १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आला, १९१३ साली गंधर्व मंडळीचा मालकांपैकी एक झाला, सत्तेचाळिसाव्या वर्षी 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाला आणि १९६७ साली एकोणऐंशी वर्षांचा होऊन गेला. पण अखेरपर्यंत 'बाल' तो 'बाल'च. त्या एका नावात मावेल एवढे गाणे आणि एवढा अभिनय त्याने त्यात भरला, म्हणून आज कुणाला त्या 'बाल'चे हसू येत नाही. सर्वांनाच ते जमते असे नाही. 'रामशास्त्री'तली छोटी पत्नी साकारणाऱ्या बेबी शकुंतला पुढे चांगल्या नायिका झाल्या, हिंदीतही गेल्या, १९५४ साली लग्न करून कोल्हापूरकडे संसारात रमल्या. २०१५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या आणि वर्तमानपत्रांतला मथळा मात्र 'बेबी'चाच होता. सिनेमावाल्यांनी मुलग्यांसाठी 'मास्टर' आणि मुलींसाठी 'बेबी' अशी दोन बिरुदे करून ठेवली होती; ती चिकटवायला सोपी, सोडवायला कठीण. 'हा माझा मार्ग एकला'त राजा परांजप्यांबरोबर दिसलेला मास्टर सचिन पुढे नट झाला, दिग्दर्शक झाला, 'अशी ही बनवाबनवी' त्याने केली, तेव्हा कुठे ते 'मास्टर' गळून पडले.

नटाचे एक बरे असते. त्याचा चेहरा बदलला तर तो दुसऱ्या भूमिका करतो. गाणाऱ्या मुलाचे तसे नाही. त्याचे भांडवल गळ्यात, आणि गळा ऐन बाराव्या-चौदाव्या वर्षी दगा देतो. 'आवाज फुटला' असे आपण म्हणतो, ते काही उगाच नाही. मुलग्याचा कंठमणी वाढू लागतो, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि ज्या गळ्याला तारसप्तक म्हणजे खेळायचे अंगण होते त्याला मध्य षड्जसुद्धा धड लागेनासा होतो. कालपर्यंत काळी चार-पाचमध्ये लीलया फिरणारा मुलगा काळी एक-दोनवर येऊन ठेपतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण तो दोन-तीन स्वरांनी उतरतो, गोलसर होतो. त्यांची गाडी रूळ बदलते एवढेच. मुलग्याची गाडी काही महिने रुळांवरच नसते. या काळात हट्टाने जुन्या पट्टीत गायला लावले तर गळ्याला इजा होते, हे जुने गवईही जाणत होते. नाटक मंडळ्यांत पोरगा वयात आला, आवाज घोगरा झाला, की कालची शकुंतला सख्यांच्या घोळक्यात जाई आणि पुढे पडद्याच्या दोऱ्या ओढी. युरोपातही निराळे नव्हते. हायडनसारखा पुढे जगद्विख्यात झालेला संगीतकार पोरवयात व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गात असे. १७४९च्या सुमारास आवाज फुटला आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

अशा वेळी काय करावे याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच सीमेवरचे आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ हा पोरगा थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा, ताना-मुरक्यांसकट गाऊन दाखवी. एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटले. पुन्हा तेच, नाव आधी! वडील त्याला गावोगाव जलशांना नेत, लोक चकित होत, बक्षिसे मिळत. १९३६च्या सुमारास मुंबईतल्या संगीत परिषदेत तो गायला तेव्हा नावाजलेले उस्ताद थक्क झाले म्हणतात. एवढ्यावर त्याचा फिरता जलसा आणखी चार-पाच वर्षे सहज चालला असता. पण तो गेला कुठे, तर ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात, विद्यार्थी म्हणून. अकरा-बारा वर्षांच्या, गावोगाव नाव झालेल्या मुलाने पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे, आणि दुसऱ्यांची गाणी गाणे सोडून स्वतःचे गाणे शोधावे. मला तर त्यांच्या पुढच्या सगळ्या कर्तृत्वाचे मूळ त्या एका निर्णयात दिसते. पुढे क्षयाने त्यांचे गाणे थांबवले, देवासला पाच-सहा वर्षे अंथरुणावर गेली, आणि त्यातूनही ते निराळाच आवाज घेऊन परतले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण गळा गप्प असताना गाणे डोक्यात चालू ठेवण्याची सवय देवधरांच्या वर्गात लागली असावी असा माझा तर्क आहे.

आपल्या पंचरत्नांकडे वळू. त्यांच्यातला प्रत्येकजण ज्या वाटेने गेला ती पाहिली तर असे दिसते की, पडद्याने दिलेल्या नावावर कुणीही निव्वळ बसून राहिले नाही. कार्तिकीला घरातच वडिलांची, कल्याणजी गायकवाडांची, तालीम होती. आळंदीच्या वातावरणातले अभंग-गौळणींचे गाणे तिने सोडले नाही. आर्याची आई श्रुती आंबेकर स्वतः शास्त्रीय गायिका. आर्या २०१७ साली 'ती सध्या काय करते' या चित्रपटात नायिका म्हणून झळकली तेव्हा ही आता नटीच होणार असा अनेकांचा होरा होता. पण तिने चित्रपटांची रांग न लावता गाणेच पुढे ठेवले. प्रथमेश आणि मुग्धा नाट्यगीते, अभंग, शास्त्रीय गाणे यांच्या वाटेवर राहिले. २०२३च्या डिसेंबरात त्या दोघांनी परस्परांशी विवाह केला तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. आमच्या शेजारच्या मावशी तर चक्क गोंधळल्या. "अहो, पण ती तर केवढीशी आहे!" असे त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. मुग्धा तेव्हा तेवीस वर्षांची होती. मावशींचे लग्न एकोणिसाव्या वर्षी झालेले.

रोहितची गोष्ट मात्र मला सगळ्यांत हृद्य वाटते. मुलगा असल्याने आवाजाचा पालट त्याच्या वाट्याला पुरता आला. लोकांच्या कानात 'रॉकस्टार'चा तो कोवळा, धारदार सूर बसलेला आणि गळ्यातून येणार पुरुषाचा आवाज. तो काय करतो? मराठीत नाव झालेले असताना, घरोघरी ओळखीचा असताना, २०१९ साली 'इंडियन आयडल'च्या अकराव्या पर्वात पुन्हा एकदा स्पर्धक म्हणून रांगेत उभा राहतो. जिथे त्याला लातूरचा लहानगा म्हणून कुणी ओळखत नाही अशा हिंदी श्रोत्यांपुढे पुन्हा परीक्षकांचे बोल ऐकतो, पुन्हा मते मागतो आणि २०२०च्या फेब्रुवारीत दुसरा येतो. पहिला आला असता तर एवढी गोडी नसती, असे मला आपले वाटते. एकदा खांद्यावर घेऊन मिरवलेल्या माणसाला पुन्हा जमिनीवरून चालत यायला केवढे बळ लागते, ते अशा मिरवणुकीत कधी न बसलेल्या माझ्यासारख्याला काय कळणार!

२०२१ साली त्याच कार्यक्रमाचे नवे पर्व आले. या पाचही जणांना परीक्षकांच्या खुर्चीत बसवले गेले. त्या पर्वात मी गाण्यांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यांकडेच अधिक पाहत होतो. एखादे पोर सूर चुकले की इतर परीक्षक आधी शब्द जुळवतात. हे पाचजण आधी त्या पोराच्या आईकडे पाहतात, असे मला दोनतीनदा दिसले. कदाचित माझ्या मनाचेही खेळ असतील.

परीक्षकाच्या शब्दाला वजन किती असते, याचा एक विषण्ण करणारा दाखला २००८ सालचाच आहे. कोलकात्याला एका वाहिनीवरच्या नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी कठोर शब्द वापरल्यावर एका शाळकरी मुलीची वाचाच गेली आणि तिला इस्पितळात न्यावे लागले, असे तेव्हा वृत्तपत्रांत गाजले. वैद्यकीय कारण काहीही असो, त्या बातमीनंतर अनेक पालकांना प्रथमच असे वाटले की हा खेळ निव्वळ खेळ नाही. मराठी कार्यक्रमात त्या वर्षी सुदैवाने मायेची भाषा होती. पण ते सुदैव होते, नियम नव्हता.

नियम पुढे आला. बालकामगारविषयक कायदा २०१६ साली सुधारला गेला आणि २०१७ साली त्याचे नियम झाले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करता येते, परंतु दिवसाला पाच तासांहून अधिक नाही आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, मुलाची शाळा बुडू द्यायची नाही, सलग सत्तावीस दिवसांपलीकडे काम करवायचे नाही. आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्याच नावे मुदतठेवीत ठेवायचा, तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचा. या शेवटच्या कलमाचे मूळ शोधू गेले तर ते हॉलिवूडपर्यंत पोचते. चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड'मधला तो गोजिरवाणा पोरगा, जॅकी कूगन, लहानपणी लाखो डॉलर मिळवून मोठा झाला आणि पाहतो तो तिजोरी रिकामी. १९३८ साली त्याला आपल्या आईवर आणि सावत्र बापावर फिर्याद करावी लागली. हाती फारच थोडे आले. त्यानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियाने मुलांच्या कमाईचा वाटा राखून ठेवण्याचा कायदा केला. आपल्याकडे तो विचार पोचायला पाऊणशे वर्षे लागली. आपल्याकडचे आईबाप मुलाच्या पैशाला हात लावीत नाहीत असे आपण मानतो, आणि बहुधा ते खरेही आहे. आपल्याकडचे आईबाप मुलाच्या वेळेला हात लावतात.

अंधेरीला या धंद्याचे माहेरघर. पश्चिमेला लिंक रोडच्या आतल्या गल्ल्यांत शनिवारी सकाळी गेलात तर चाचणीसाठी आलेल्या आया दिसतील. एका हातात पोराचा इस्त्रीचा सदरा हँगरसकट, दुसऱ्या हातात डबा, पर्समध्ये खडीसाखर आणि ज्येष्ठमध. मुले कोपऱ्यात गृहपाठ उरकत असतात. त्या आयांना कुणी नावे ठेवू लागले की मला राग येतो. पोराच्या गळ्यात काही आहे असे ज्या माउलीला कळले तिने स्वस्थ बसावे कसे? आमच्याच इमारतीतल्या एक बाई परवा याच पेचात घरी आल्या. मुलगा बारा वर्षांचा. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात त्याने नाट्यगीत म्हटले तेव्हा जिलब्या तळणाऱ्या आचाऱ्यानेसुद्धा झारा बाजूला ठेवला होता. कुठल्याशा कार्यक्रमाच्या चाचणीचे त्याला बोलावणे आले आहे. निवड झाली तर पाच-सहा महिने सातवीचे वर्ष अर्धे इथे, अर्धे तिथे.

"सर, हे नको म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीच सांगा, एकच वर्ष आहे हो हातात. आवाज फुटला की संपलं. आत्ता नाही तर कधीच नाही."

हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. जे वर्षभरात सरणार आहे ते सरण्याआधी विकून घ्यावे, हा न्याय हापूसच्या पेटीला ठीक. मी त्यांना म्हटले, "वहिनी, चाचणीला जरूर न्या. पण एक गोष्ट आधी ठरवून ठेवा. आवाज फुटल्यावरचं दीड वर्ष तो कुणाकडे शिकायला जाणार, ते. ते ठरलं असेल तर हे सहा महिने कुठंही गेले तरी चालतील."

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "त्या दीड वर्षात शिकून उपयोग काय? गाता तर येणार नाही."

मी कुमारांची गोष्ट सांगितली. ती त्यांना कितपत पटली देव जाणे, कारण दूरदर्शनवर दिसलेल्या मुलाची गोष्ट आणि बिछान्यावर गप्प पडलेल्या माणसाची गोष्ट यांत कुणाची ओढ अधिक, हे सांगायला नको. मग मी दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सांगितली, आणि तिचा परिणाम अधिक झाला. 'दीवार'मधला लहानपणीचा अमिताभ आठवतो? तो मास्टर अलंकार. ज्या पल्लवी जोशींनी ते लिटिल चॅम्प्स सांभाळले, त्यांचा हा भाऊ. बहीणभाऊ दोघेही बालकलाकार. बहीण पडद्यावर राहिली, पुढे चांगली अभिनेत्री झाली. भाऊ मोठा झाल्यावर संगणकाच्या व्यवसायात शिरला आणि अमेरिकेला गेला. त्याचे काही बिघडले असे ऐकिवात नाही. गळ्यात असलेले सगळे बाजारात मांडलेच पाहिजे, आणि मांडलेले पुढे चालवलेच पाहिजे, असा कुठे करार नसतो.

"म्हणजे त्याला विचारायचं म्हणता?" बाई म्हणाल्या. हे त्यांना त्याआधी सुचलेच नसावे असे त्यांच्या स्वरावरून वाटले. पण आपल्यापैकी किती जणांना सुचते?

मुलगा जिन्यात सायकलीच्या साखळीला तेल घालीत होता. आईने हाक मारून वर घेतला. त्याने सारे ऐकून घेतले. चाचणीला जायचे का, यावर त्याने फक्त खांदे उडवले, 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. मग माझ्याकडे वळून विचारले, "काका, आवाज फुटल्यावर हीच गाणी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागतात का?"

"लागतात," मी म्हटले. "पट्टी बदलते. काही जागा हरवतात, काही नव्या सापडतात. दोनेक वर्षं जातात."

"आणि रोहित राऊतलापण शिकावी लागली असतील?"

"असणारच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि तेलाचे हात चड्डीला पुसत खाली गेला. चाचणी भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आहे. बाईंचे अजून ठरलेले नाही.